सेल्टिक पार्कची टूर, विली मेलीसाठी तरी कराच

ग्लासगोत सेल्टिक पार्कची, म्हणजे सेल्टिक या फुटबॉल क्लबच्या स्टेडियमची टूर केली, ड्रेसिंग रूम, टनेल सगळं मस्त, पण मला ओढ होती विली मेलीची, क्लबचा जुना खेळाडू आणि नंतर मॅनेजर. क्लबचे संस्थापक ब्रदर वॉलफ्रिड खरंतर त्याच्या भावाला, टॉमला न्यायला घरी आलेले आणि विलीलाही क्लबमध्ये ओढलं, मग १८८८ ला रेंजर्सविरुद्धच्या क्लबच्या पहिल्याच मॅचमध्ये विली खेळला, सेल्टिक ५-२ ने जिंकली. पुढे १८९७ ते १९४०, तब्बल ४३ वर्षं मॅनेजर! १६ लीग, १४ स्कॉटिश कप, त्यात १९०५ ते १९१० सलग सहा लीग, विचार करा. बाहेर नंतरचे मॅनेजर जॉक स्टाइन, वॉलफ्रिड यांचे पुतळे बघून भारी वाटतं, मेलीचाही हवा होता राव. वेळ काढून जा, घाईत नको.