कॉर्मोरंट गॅरामाँड इटॅलिक : आठ महिने वापरल्यावर

नागपूरच्या महाल भागात आमचं लग्नपत्रिकांचं काम आहे. तुळशीच्या लग्नाआधी कॉर्मोरंट गॅरामाँड इटॅलिक हा तिरप्या इंग्रजी अक्षरांचा फाँट घेतला आणि तेव्हापासून नवरा-नवरीची इंग्रजी नावं मी दुसऱ्या कशातच लावलेली नाहीत. ख्रिश्चन थालमान यांनी 2015च्या सुमारास तो खुल्या परवान्यावर दिला. छपाईच्या कामालाही फुकट. कॉर्मोरंट म्हणजे पाणकावळा.

इटॅलिक म्हणजे उभं अक्षर तिरपं केलेलं, असं बऱ्याच जणांना वाटतं. मुळात ते हाताच्या लिखाणातून आलं. 1501 साली व्हेनिसमध्ये आल्डस मानुशियसने त्यात अख्खं पुस्तक छापलं. या फाँटमध्ये तो हात दिसतो. उभ्यातला दुमजली 'ए' (a, पोटावर आकडा असलेला) इथे एकमजली होतो, 'एफ'चा पाय ओळीखाली उतरतो. 40 पॉइंटला (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप) नावं लावली आणि आजूबाजूला मोकळी जागा सोडली, की पत्रिकेवर वेगळी नक्षी लागत नाही.

लहान आकारात मात्र जपावं लागतं. अक्षरांचं पोट मुळातच छोटं आणि बारीक रेघा केसासारख्या. जाडाभरड्या कागदावर सोनेरी फॉइलमध्ये मी मंगल कार्यालयाचा पत्ता 8 पॉइंटला, लाइट वजनात, म्हणजे बारीक रेघांच्या प्रकारात लावला. रेघा जागोजागी तुटल्या, सगळा गठ्ठा परत छापावा लागला. चूक माझीच, हा फाँट मोठ्या आकारासाठीच काढलेला आहे. आता फॉइलला मीडियम किंवा सेमीबोल्ड ही जाड वजनं वापरते आणि पत्त्याला ईबी गॅरामाँड हा दुसरा फाँट.

खरी मेहनत मराठी मजकुराशी जुळवताना. यात देवनागरी नाही. म्हणून कोरलमध्ये (पत्रिका मांडायचं सॉफ्टवेअर) मराठी अक्षरं तिरपी करू नका, शिरोरेषेखाली सगळे काने कलंडलेले दिसतात. आपल्या बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट, त्यामुळे जाड-बारीकही उलट बाजूला पडतं. दोन्ही लिप्या एका ओळीत आणल्या की डोळ्याला खटकतं. बरेच प्रयोग करून मी तिरो देवनागरी मराठी या फाँटवर आले. त्यातले 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे आहेत. मराठी मजकूर उभा, वेगळ्या ओळीत. इंग्रजी नावं त्याखाली, बोटभर जागा सोडून.

परवा एक आजोबा नातीची पत्रिका न्यायला आले. इंग्रजी वाचता येत नाही म्हणाले, पण तिच्या नावावरून किती तरी वेळ बोट फिरवत बसले होते.