उरलेला भात गरम करायचा: गॅस की मायक्रोवेव्ह?

गॅसवर आधी भांडं तापतं, मग त्याला टेकलेला थर, आणि तिथून उष्णता हळूहळू वर सरकते, म्हणून भात खाली लागतो नि वर गारच राहतो, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवावंच लागतं. मायक्रोवेव्हमध्ये भांडं नाही, थेट अन्न तापतं. त्यातल्या लहरी 2450 मेगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 245 कोटी आवर्तनं, आणि पाण्याचे रेणू त्या तालावर सारखे वळायला बघतात, शेजारच्यांना धडकतात, त्यातूनच उष्णता तयार होते. "आतून बाहेर शिजतं" म्हणतात ते मात्र चूक हां! लहरी साधारण दोन-तीन सेंटीमीटरच आत शिरतात, पुढे उष्णता नेहमीसारखीच सरकते, त्यामुळे भाताचा ढीग करू नका, पसरून ठेवा, वर थोडं पाणी शिंपडा आणि मध्येच एकदा हलवा, कारण लहरी भिंतींवर आपटून कुठे जास्त कुठे कमी पडतात (थाळी फिरते ती त्यासाठीच).

भात, आमटी, दूध यांना माझं मत मायक्रोवेव्हला.

पोळी-भाकरीला मात्र तवाच, प्लीज! मायक्रोवेव्हमध्ये पाणी असेपर्यंत तापमान शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही, मग खरपूसपणा येणार कुठून, उलट पोळी चिवट होते. फोडणीही गॅसवरच. आणि स्टीलचा डबा आत ठेवू नका, धातू लहरी परत फेकतो, त्यामुळे आतलं नीट तापत नाही आणि ठिणग्याही उडू शकतात, काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं घ्या.