पॅनचा दांडा हलतो: स्क्रू आवळायचा की दांडाच बदलायचा?

नॉनस्टिक पॅनचा दांडा डुगडुगायला लागला की घरात दोन मतं पडतात. माझं मत आधी स्क्रूला, पण त्यात एक गोम आहे.

नुसता आवळलेला स्क्रू पुन्हा सुटतोच. पॅन रोज तापतो नि निवतो. तापल्यावर पॅनचं ॲल्युमिनियम स्क्रूच्या पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावतं. या ओढाताणीत पकड सैल होते. म्हणून स्क्रूच्या डोक्याखाली स्टीलचा स्प्रिंग वॉशर (स्प्रिंगसारखी दाबली जाणारी चकती) घालावा, तो ताण धरून ठेवतो. खर्च अगदी किरकोळ. पॅन पूर्ण थंड असतानाच आवळा आणि जोर बेताचा लावा, कारण दांड्याचं बेकेलाइट (कडक प्लास्टिक) वाकत नाही, थेट तडकतं. साधा गोंद किंवा लांबी भरायच्या भानगडीत पडू नका, आचेजवळ ती टिकत नाही.

दांडा चिरला असेल, जळून भुसभुशीत झाला असेल किंवा आतले आटे गेले असतील, तर मात्र बदलाच. बेकेलाइट वितळवून जोडता येत नाही, आणि गरम तेलासकट पॅन निसटला तर काय होईल ते सांगायला नको. भांड्यांच्या दुकानात सुटे दांडे मिळतात. जुना दांडा (शक्यतो पॅनसुद्धा) सोबत न्या. बैठक जुळली नाही तर हेलपाटा पडतो.

रिव्हेटवाल्या (स्क्रूऐवजी ठोकलेल्या मेखांच्या) पॅनला यातलं काहीच लागू नाही. तो भांडी दुरुस्त करणाऱ्याकडून ठोकून घ्यावा. आणि कोटिंगच सुटलं असेल, तर वॉशरचेही पैसे घालू नका.