शेजाऱ्याच्या बांधकामाने भिंतीला तडा: त्याचा गवंडी, रोख रक्कम, विमा की वकील?

शेजारी खोदकाम सुरू झालं आणि आपल्या भिंतीवर भेग दिसली, की मनात पहिलं येतं, "आता धरायचं कुणाला?" मला त्याआधी दुसरंच विचारावंसं वाटतं. ही भेग आज बुजवली आणि सहा महिन्यांनी पुन्हा उघडली, तर तेव्हा निस्तरायचं कुणी? पुढचे सगळे मार्ग मी याच एका मापाने मोजले आहेत.

मार्ग निवडण्याआधी भेग थांबली आहे की अजून चालतेच आहे, हे कळायला हवं. भेगेच्या दोन्ही अंगांना पेन्सिलीने एकेक बारीक फुली काढा, फुल्यांमधलं अंतर मोजा आणि शेजारी तारीख लिहा. भेगेचं टोक जिथे संपतं तिथेही आडवी रेघ मारून तारीख टाका. दर आठवड्याला मोजा, मोजपट्टी लावून फोटो काढा. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिमी असते. ते भेगेत शिरत नसेल तर घाबरण्यासारखं बहुधा काही नाही. ब्रिटनमधल्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटच्या वर्गवारीत ५ मिमीपर्यंतच्या भेगा मुख्यतः दिसायला वाईट अशा धरल्या जातात. ५ ते १५ मिमीच्या टप्प्यात दारं-खिडक्या अडकतात, नळ फुटू शकतात. त्यापुढे इंजिनिअरशिवाय बोलूच नये.

कारणही नीट बघा. ब्रेकरने घर हादरलं म्हणून तडा त्यानेच गेला, असं नसतं. घरात बसलेल्या माणसाला सेकंदाला ०.३ मिमी वेगाचं कंपनही जाणवतं. राहत्या घरांसाठी जर्मनीचं डीआयएन ४१५० हे मानक कमी वारंवारतेलासुद्धा सेकंदाला ५ मिमीची मर्यादा धरतं. ठेकेदाराला हे माहीत असतं आणि तो ते तोंडावर फेकतो. खरा उपद्रव पुष्कळदा आवाज न करणाऱ्या गोष्टींचा असतो: आधार न देता खणलेला खड्डा आणि त्यातलं पाणी रात्रंदिवस उपसणारा पंप. खड्ड्याच्या खोलीच्या दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंत जमीन खचू शकते. म्हणजे ३ मीटर खड्ड्याचा परिणाम ६ ते ९ मीटरवर दिसू शकतो, मऊ मातीत त्याहून लांब. अशी भेग निदान खड्डा भरून पाया वर येईपर्यंत तरी चालत राहू शकते. तोवर दुरुस्ती करणं म्हणजे रंग वाया घालवणं.

आता मार्ग.

शेजाऱ्याच्याच गवंड्याकडून दुरुस्ती आणि रोख भरपाई, बहुतेकांची निवड या दोन्हींतच होते. गवंडी स्वस्त, झटपट, शिवाय बोलणं गोडीत राहतं. "अहो, आमच्या भिंतीला भेग दिसतेय, जरा येऊन बघता का?" एवढ्या वाक्यावर काम होऊ शकतं. खोच अशी की तो गवंडी तुमचा नाही. त्याला तिकडचा स्लॅब गाठायचा असतो. तो दुपारच्या सुट्टीत येतो, भेगेवर पुट्टी ओढतो, वर ब्रश फिरवतो. आमच्याकडे तेच झालं. जिन्याकडच्या भिंतीवर आधी भेग होती, मग रंगाच्या वेगळ्या छटेचा पट्टा आला, आणि शेजारचा दुसरा मजला चढल्यावर पट्ट्याच्या मधोमध पुन्हा भेग. गवंडी तोवर दुसऱ्या साइटवर गेलेला. धड दुरुस्तीत भेग खोलून रुंद करतात, धूळ झाडून भिजवतात, दोन्ही बाजूंना पुरेल अशी जाळी ठोकून मग गिलावा भरतात आणि रंग अख्ख्या भिंतीला देतात. हे सगळं आधी कागदावर लिहून घेतलं, आणि भेग पुन्हा उघडली तर पुन्हा करून देऊ असंही लिहून घेतलं, तर हा मार्ग मला आवडतो, कारण जबाबदारी त्यांच्याकडेच राहते.

रोख रकमेत उलटं. माणूस तुमचा, वेळ तुमची, दर्जा तुमचा. पण पैसे घेऊन "पूर्ण व अंतिम" या शब्दांखाली सही केलीत की पुढची भेगही तुमचीच. म्हणून काम चालू असताना रोख घेऊ नये. घ्यावीच लागली तर पावतीवर "आजपर्यंत दिसलेल्या, सोबतच्या फोटोंमधल्या नुकसानापुरती" असं घाला. आकडा ठरवताना दोन वेगळ्या ठेकेदारांचे लेखी अंदाज घ्या आणि त्यात रंग, सामान हलवणं, साफसफाई धरा. भेग दोन फुटांची असली तरी रंगाचा खर्च भिंतीचा असतो.

विम्याचं गणित निराळं. तुमच्या घराच्या विम्यातून पैसे मिळाले, तर कंपनी ते नंतर शेजाऱ्याकडून किंवा ठेकेदाराकडून वसूल करू बघते. भांडण तिचं होतं. मात्र जमीन खचणं, हळूहळू पडलेल्या भेगा, शेजारचं सदोष काम, असलं बरंच काही पॉलिसीतून वगळलेलं असू शकतं. सर्व्हेअर येण्याआधी भेग बुजवू नका. आणि एक चूक सर्रास होते: शेजाऱ्याला "आता काही मागणी नाही" असं लिहून देऊन मग विम्याकडे जाणं. त्या कागदाने कंपनीचा वसुलीचा हक्कच जातो आणि तुमचा दावाही त्यापायी फेटाळला जाऊ शकतो. बरेच जण विसरतात ते वेगळंच: ठेकेदाराचा स्वतःचा, तिसऱ्याच्या नुकसानीचा विमा आहे का, हे शेजाऱ्याला पहिल्याच भेटीत विचारा. असला तर दोघांचाही जीव भांड्यात पडतो.

"ही भेग जुनीच आहे" असं उत्तर आलं, की मग इंजिनिअर. दोघांनी दोन नेमले तर दोन अहवाल येतात आणि वाद जागच्या जागी राहतो. फी वाटून घेऊन एकच नेमावा, त्याचा निष्कर्ष मान्य असेल असं आधीच लिहावं. जुन्या भेगेच्या आत धूळ, रंग, जाळी-जळमटं सापडतात. ताजीच्या कडा स्वच्छ आणि धारदार असतात. काम सुरू होण्याआधीचे तारीखवार फोटो असतील तर हा खर्च वाचूही शकतो.

कोर्ट मी शेवटी ठेवतो, एक अपवाद सोडून. पैशांसाठी ते संथ आणि महाग. पण खड्डा तुमच्या पायाशी आला आहे, भेगा आठवड्यागणिक रुंदावताहेत आणि समोरचा ऐकत नाही, तेव्हा मनाई हुकूमच कामाचा. बांधकाम परवाना देणाऱ्या कार्यालयाकडेही त्याच दिवशी लेखी तक्रार द्या. काम थांबवण्याचा अधिकार त्यांना असतो, तुमची भरपाई मात्र ते मिळवून देत नाहीत.

मला आज निवडायचं झालं तर: केसाएवढी, थांबलेली भेग असेल तर हमी लिहून घेऊन त्यांचाच गवंडी. कार्ड शिरतंय पण भेग थांबली आहे, तर सामाईक इंजिनिअर आणि त्याच्या आकड्यावर रोख. चालती भेग असेल तर कुठलाच सौदा नाही, फक्त लेखी नोटीस, विमा कंपनीला कळवणं आणि भिंतीवरच्या फुल्या. आणि कालपर्यंत लागणारं दार आज एकाएकी लागेनासं झालं, तर आधी घरातल्यांना बाहेर काढा, मग इंजिनिअरला फोन.