एड्स आणि लैंगिक शिक्षणाचा कुठला कार्यक्रम शाळेत घ्यावा?

आठवी-नववीच्या मुलांसाठी कार्यक्रम ठरवायचा म्हटलं की प्रत्येक संस्था सेशनच्या आधी आणि नंतर घेतलेल्या टेस्टचे मार्क दाखवते, मार्क वाढलेले असतातच, पण माझं कळकळीचं म्हणणं आहे की नुसते मार्क बघून ठरवू नका.

टांझानियात म्वांझा भागात 20 वस्त्यांमध्ये हेच तपासलं होतं. त्यातल्या 10 वस्त्यांत पाचवी ते सातवीला शिक्षकांनी वर्गात शिकवलं, दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना तरुणांशी नीट बोलायचं ट्रेनिंग दिलं, कंडोम मिळतील असंही बघितलं. मुलांची माहिती वाढली, पण 3 वर्षांनी रक्त तपासलं तर एचआयव्हीच्या लागणीत काही फरक नाही.

आता केनिया बघा. पश्चिम केनियातल्या 328 प्राथमिक शाळांपैकी साधारण निम्म्या शाळांत शिक्षकांना सरकारी अभ्यासक्रमाचं ट्रेनिंग दिलं, ज्याचा सगळा भर लग्नापर्यंत थांबा यावर होता, आणि 71 शाळांत बाहेरच्या माणसाने येऊन फक्त 40 मिनिटं बोलून मुलींना आकडे दाखवले की कुठल्या वयाच्या पुरुषांमध्ये एचआयव्ही किती आहे, म्हणजे पैसे आणि गिफ्ट देणाऱ्या मोठ्या वयाच्या पुरुषाकडून धोका वर्गातल्या मुलापेक्षा कितीतरी जास्त आहे. ट्रेनिंगवाल्या शाळांत मुलींचं गरोदर राहणं कमी झालं नाही, 40 मिनिटंवाल्या शाळांत ते 28 टक्क्यांनी घटलं! मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की मुलींना कुणी उपदेश केला नाही, नेमका धोका कुठे आहे ते सांगितलं आणि निर्णय त्यांनी घेतला.

याच्या उलट टोकाला दक्षिण आफ्रिकेतला ईस्टर्न केप, 70 गावं, साधारण 50 तासांचा कार्यक्रम, मुलं-मुली वेगवेगळ्या गटात बसून नाटुकली करतात, बोलतात. तिथेही एचआयव्हीत ठोस घट दिसली नाही, पण जननेंद्रियाच्या हर्पिसच्या, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणाऱ्या एका विषाणूच्या, नव्या लागणी 33 टक्क्यांनी कमी झाल्या, आणि जोडीदाराला मारहाण कमी केल्याचं मुलांनी स्वतः सांगितलं. वेळ आणि चांगली माणसं असतील तर मी हाच घेईन.

आपल्याकडे 2005 ला देशभर किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आला आणि 2007 मध्ये महाराष्ट्रासकट अनेक राज्यांनी तो थांबवला, त्यामुळे बऱ्याच शाळांत आज डॉक्टरांचं एक भाषण, तेही मुलींना वेगळं बसवून फक्त पाळीवर, एवढंच उरलंय. मी एका शाळेत बुटाच्या खोक्याची प्रश्नपेटी ठेवली होती, त्यात आठ घड्या घातलेली एक चिठ्ठी निघाली, "पाळी चुकली म्हणजे एड्स झाला का?" त्या मुलीने पाळीचं भाषण ऐकलेलं होतं.

म्हणून एकच दिवस हातात असेल तर भाषण नको, केनियासारखं नेमकं बोलणारं माणूस बोलवा, पण आकडे आपल्या जिल्ह्याचे मागून घ्या, कारण तिथला धोका इथे तसाच असेल असं नाही. महिना-दोन महिने असतील तर गटवाला घ्या आणि मुलग्यांना अजिबात वगळू नका. आणि काहीही घेतलंत तरी 1097 हा एचआयव्ही-एड्सचा फुकटचा हेल्पलाईन नंबर आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात एचआयव्ही तपासणी कुठे, किती वाजता होते ते मुलींच्या आणि मुलांच्या बाथरूमच्या दाराला आतून चिकटवा, फळ्यावर लिहिलं तर सगळ्यांसमोर कुणी उतरवून घेत नाही.