फिनलंडिया की सिन्फोनिएत्ता : बँडने कोणती बसवावी?

साम्राज्य कोसळतं आणि त्यातून नवं राष्ट्र उभं राहतं, या विषयावर बँडचा कार्यक्रम ठरवायचा तर दोन नावं हमखास पुढे येतात. एक फिनिश संगीतकार यान सिबेलियसची ‘फिनलंडिया’ आणि दुसरी चेक संगीतकार लेओश यानाचेकची ‘सिन्फोनिएत्ता’, त्यातही तिची सुरुवातीची फॅनफेअर, म्हणजे तुताऱ्यांची ललकारी. दोन्ही मुळात ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या, आणि दोन्हींत पितळी वाद्यांचं, म्हणजे ब्रासचं, वजन मोठं. मात्र पहिली साम्राज्य पडण्याआधीची आहे, दुसरी पडल्यानंतरची. वाजवताना सगळा फरक इथूनच पडतो.

फिनलंडिया 1899 ची. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्यात होता, आणि त्या वर्षी झार दुसऱ्या निकोलसने फेब्रुवारीत जाहीरनामा काढून त्याची स्वायत्तता छाटली. नोव्हेंबरमध्ये हेलसिंकीत वृत्तपत्रांच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात हे संगीत शेवटच्या देखाव्याला वाजलं, आणि 1900 मध्ये सिबेलियसने त्यावर पुन्हा हात फिरवला. फिनलंड स्वतंत्र झाला 6 डिसेंबर 1917 रोजी. म्हणजे रचना झाली तेव्हा झारशाही भक्कम होती, आणि सुरुवातीच्या जड ब्रासमध्ये तोच दाब ऐकू यायला हवा.

बँड नेमका इथेच घसरतो. लांबवलेला स्वर वाढवत न्यायचा असतो, पण ट्रॉम्बोनवाले पहिल्याच क्षणी पूर्ण जोर लावतात आणि पुढे वाढवायला काही उरत नाही. शिवाय जोरात फुंकलं की ब्रास बहुधा सुरात चढतं, तर क्लॅरिनेट उतरतं. दोघांतली ही फट नंतर काही केल्या बुजत नाही. त्यामुळे सुरुवात आधी निम्म्या आवाजात सुरात बसवावी, मग जोर चढवावा.

मधलं प्रार्थनेसारखं गीत लोकगीत समजलं जातं. ते सिबेलियसचं स्वतःचं आहे, निवेदनात तसंच सांगावं. त्याची ओळ पहिली मात्रा सोडून दुसरीवर उठते. दुसऱ्या मात्रेवर आघात दिला की चालीचा सगळा डौल जातो. वजन पुढच्या मापाच्या पहिल्या मात्रेवर पडायला हवं. ओळ लांब आहे, म्हणून शेजारच्या दोन वादकांनी एकाच जागी श्वास घेऊ नये. श्वासाच्या जागा पेन्सिलने कागदावर लिहून ठेवाव्यात, तोंडी सांगितलेलं टिकत नाही. ल्युसियन कायिए यांचं बँडसाठीचं रूपांतर बरंच वाजवलं जातं. तंतुवाद्यांची थरथर रूपांतरात मुख्यतः क्लॅरिनेटांकडे येते, तेव्हा हा विभाग दुबळा असेल तर ही रचना घेऊ नये. संपूर्ण रचना आठ-नऊ मिनिटांची.

सिन्फोनिएत्ता 1926 ची. ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य मोडून 28 ऑक्टोबर 1918 रोजी चेकोस्लोव्हाकिया जन्मला, त्याला तेव्हा आठ वर्षं होत होती. सोकोल या व्यायामसंघटनेच्या मेळाव्याच्या निमित्ताने ही रचना घडली. त्या ऑक्टोबरनंतर आपलं ब्रनो शहर कसं पालटलेलं दिसलं, हे यानाचेकने 1927 मध्ये लिहिलं आहे. त्यामुळे इथे दाब नाही, मोकळी हवा आहे. जड वाजवलीत तर चुकलंच.

फॅनफेअर जेमतेम अडीच मिनिटांची. तिला नऊ ट्रम्पेट, दोन टेनर ट्यूबा, दोन बास ट्रम्पेट आणि टिंपनी (सुरात लावलेले मोठे नगारे) लागतात. टेनर ट्यूबाच्या जागी युफोनियम चालतो, आणि तो आपल्याकडच्या बँडमध्ये सहसा असतोच. बास ट्रम्पेटचं काम ट्रॉम्बोनवर निभावतं, फक्त आवाज थोडा आवरावा लागतो. खरी अडचण नऊ ट्रम्पेटांची. सहाच असतील तर कॉर्नेटवाल्यांना बोलवा, पण भाग गाळून वाजवू नका.

खालच्या वाद्यांत पंचमाच्या अंतराने जाणाऱ्या जोड्या आहेत. तानपुऱ्याचा पंचम किंचित हलला तरी कान टवकारतात, तसंच इथे होतं. म्हणून तालमीत फक्त त्या जोड्या वेगळ्या बसवून सावकाश वाजवून घ्याव्यात. टिंपनी मागे पडली की ट्रम्पेटही ओढले जातात. टिंपनीवाल्याला ट्रम्पेटांच्या जवळ बसवलं की हा प्रश्न बराचसा मिटतो. ही फॅनफेअर सिन्फोनिएत्ताच्या पाचव्या भागाच्या शेवटी पूर्ण ऑर्केस्ट्रासह परत येते, तो परिणाम अडीच मिनिटांत मिळणार नाही हे धरूनच चाला.

क्लॅरिनेट भक्कम असतील आणि श्रोते नवखे असतील, तर आमचं मत निःशंक फिनलंडियाला. ट्रम्पेटांची फळी तगडी असेल, किंवा कार्यक्रमाची नुसती सुरुवात हवी असेल, तर फॅनफेअर. तिने कार्यक्रमाचा शेवट मात्र करू नये, श्रोत्यांना अर्धवट वाटतं.

चेक वंशाचा संगीतकार कारेल हुसा याचं ‘म्युझिक फॉर प्राग 1968’ याच यादीत कुणी घालतं. या तिघांत बँडसाठीच मुळातून लिहिलेली रचना ती एकटीच, आणि थोर आहे. पण तिचा विषय उलटा: ऑगस्ट 1968 मध्ये प्रागमध्ये शिरलेले सोव्हिएत रणगाडे. तिसरा भाग पूर्णपणे तालवाद्यांचा आहे, त्यामुळे तालवाद्यांचा पूर्ण संच आणि कसलेले वादक नसतील तर तिच्या वाटेला जाऊ नये.

नोटेशन मागवण्याआधी हक्क तपासा. भारतात कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतो. यानाचेक 1928 मध्ये गेला, सिबेलियस 1957 मध्ये, म्हणून मूळ रचना इथे मोकळ्या आहेत. रूपांतरकाराचा हक्क मात्र वेगळा चालतो, त्यामुळे कायिए यांच्या प्रतीच्या झेरॉक्स वाटू नका, पूर्ण संच विकत घ्या.