फिफ्थ-व्हील घेताय? सेल्समन ‘ओढेल’ म्हणेल, तुम्ही ‘पेलेल का’ ते विचारा

गेल्या उन्हाळ्यात डॅलसजवळच्या एका आरव्ही, म्हणजे फिरत्या घरांच्या, विक्रेत्याने आम्हाला आमच्या पिकअपला अजिबात न पेलणारा फिफ्थ-व्हील ट्रेलर विकला, तोही ‘आरामात चालेल’ असं तोंडावर सांगून. आपल्या मंडळातल्या काही घरांत सध्या आरव्ही घ्यायचं चाललंय, म्हणून सगळं आकड्यांसकट लिहिते आहे. दुकानाचं नाव देत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. साधा ट्रेलर पिकअपच्या मागे, बंपरखाली असलेल्या गोळ्याला अडकतो. फिफ्थ-व्हीलचं पुढचं तोंड मात्र पिकअपच्या हौद्यावर येतं. त्याची किंगपिन (खाली आलेली जाड लोखंडी खुंटी) हौद्यात बसवलेल्या हिचमध्ये, म्हणजे जोडणीत, अडकते, जवळजवळ मागच्या अ‍ॅक्सलच्या डोक्यावर. त्यामुळे तो रस्त्यावर स्थिर चालतो, वळणंही छान घेतो. पण भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा, कधी त्याहून जास्त, थेट पिकअपच्या पाठीवर बसतो. साध्या ट्रेलरमध्ये हा वाटा दहा ते पंधरा टक्के असतो. बैलगाडी धुरजड भरली की बैलांच्या मानेवर येतं, तसाच हा प्रकार.

आमची गाडी हाफ-टन, म्हणजे हलक्या पिकअपच्या वर्गातली; एफ-१५०, रॅम १५००, सिल्व्हराडो १५०० ज्या वर्गात येतात त्यातली. चार दारांची, फोर-बाय-फोर. मी सेल्समनला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की गाडी ही आहे, आम्ही दोघं आणि दोन मुलं आहोत, कोलोराडोच्या घाटात जायचं आहे, तर हा ट्रेलर चालेल का? त्याने संगणकावर आमच्या मॉडेलचा आकडा काढून दाखवला: ११,००० पौंड ओढण्याची क्षमता. ट्रेलरचं रिकामं वजन ७,६०० पौंड. “अजून तीन हजारांच्या वर शिल्लक आहे,” असं म्हणाला. ट्रेलरच्या अंगावर ‘हाफ-टन टोएबल’ (हाफ-टन गाडीने ओढता येईल असा) असं मोठ्या अक्षरांत छापलेलंही होतं. रात्री मी फोनवर मेसेज करून हाच प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर आलं की तुम्ही मर्यादेच्या बऱ्याच आत आहात.

फसवणूक नेमकी इथे होते. ‘हाफ-टन टोएबल’ याची कायद्यात कुठलीही ठरलेली व्याख्या नाही, ती जाहिरात आहे. आणि ११,००० हा आकडा ओढण्याचा आहे. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ नावाच्या ज्या प्रमाणानुसार तो काढतात, त्यात गाडीत प्रत्येकी १५० पौंडांची दोन माणसं धरलेली असतात. दोन मुलं, सायकली, हौद्यावरचं झाकण, कूलर यांतलं काहीच त्यात नाही.

पेलण्याचा आकडा वेगळ्याच ठिकाणी असतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर पांढरं-पिवळं स्टिकर दिसतं. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान यांचं मिळून वजन इतक्या किलो किंवा इतक्या पौंडांपेक्षा कधीही जास्त होता कामा नये. आमच्या गाडीवर तो आकडा ६७१ किलो, म्हणजे १,४८० पौंड. ड्रायव्हरही त्यातच मोजायचा. आम्ही चौघं ५२० पौंड. हिच १५०. हौद्यावरचं झाकण आणि हत्यारांची पेटी मिळून १००. म्हणजे किंगपिनसाठी उरले ७१० पौंड. ब्रोशरमध्ये रिकाम्या ट्रेलरचंच पिनचं वजन १,३०० छापलं होतं. हे दोन कागद शेजारी ठेवले तर दहावीतलं पोरगंही सांगेल की जमणार नाही. रोज हेच काम करणाऱ्या माणसाला ते कळत नव्हतं, यावर माझा विश्वास नाही.

शिवाय ब्रोशरमधला आकडा कोरडा असतो. बॅटऱ्या, टाक्यांतला प्रोपेन, पाणी, भांडी, अंथरुणं यांतलं सहसा काहीच त्यात नसतं. बॅटऱ्या, टाक्या आणि सामानाचा मोठा कप्पा बहुतेक ट्रेलरमध्ये पुढे असतात, म्हणजे ते वजन बरंचसं पिनवरच येतं. पाणी गॅलनला ८.३४ पौंड. पन्नास गॅलनची टाकी भरली की चारशेच्या वर गेलंच.

ताबा घ्यायला गेलो त्या दिवशी ट्रेलर जोडल्यावर पिकअपचं बूड चांगलं चार बोटं खाली बसलं. माझ्या नवऱ्याने लगेच विचारलं. उत्तर आलं, “सगळ्यांचं होतं. एअरबॅग लावून घ्या, झालं काम.” त्यांच्याच गॅरेजमध्ये मागच्या स्प्रिंगांजवळ रबरी फुगे बसवले, ७०० डॉलर वेगळे घेतले. गाडी सरळ दिसायला लागली. पण एअरबॅगने गाडी फक्त वर उचलली जाते. अ‍ॅक्सल तोच, टायर तेच, ब्रेक तेच आणि दारावरचा आकडाही तोच. मला या एअरबॅगचा राग ट्रेलरपेक्षा जास्त येतो, कारण जे एकच लक्षण आम्हाला डोळ्यांनी दिसत होतं, ते त्यांनी पैसे घेऊन झाकलं.

२८७ नंबरच्या रस्त्याने कोलोराडोकडे निघालो. विचिटा फॉल्स गेल्यावर आडवा वारा सुरू झाला, तेव्हापासून गाडी मागून डुलत होती. ब्रेक दाबला की ट्रेलर ढकलतोय असं वाटायचं. अमरिलोला डिझेल-पेट्रोलसाठी थांबलो, तर शेजारच्या पंपावरचे एक सरदारजी ट्रकवाले उतरून आमच्या मागच्या चाकाशी वाकले. टायरची बाजू जमिनीशी फुगून बाहेर आली होती. “बहनजी, पहले काँटा करा लो, फिर आगे जाना,” इतकंच म्हणाले. तिथेच कॅट स्केल, म्हणजे ट्रक तोलायचा वजनकाटा, होता.

काट्याच्या चिठ्ठीवर आलं ते असं, पौंडांत: पुढचा अ‍ॅक्सल ३,३००, मागचा ४,९००, ट्रेलरचे अ‍ॅक्सल ७,४४०, एकूण १५,६४०. आमच्या गाडीची ट्रेलरसकट एकूण मर्यादा १७,०००, म्हणजे त्या हिशोबाने सगळं ठीक! पण पिकअपचे दोन अ‍ॅक्सल मिळून झाले ८,२००, आणि दारावर लिहिलेली, भरलेल्या पिकअपच्या वजनाची कमाल मर्यादा ७,०५०. तब्बल १,१५० पौंड, म्हणजे अर्ध्या टनाहून अधिक वजन गाडीच्या पाठीवर जादा. मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा ४,०५०, तिथे ८५० जादा. पुढे रॅटन पासचा घाट होता, ७,८३४ फूट, आणि मागच्या सीटवर मुलं झोपली होती. ट्रेलर अमरिलोतच भाड्याच्या जागेत ठेवला. नंतर एक-टन, म्हणजे आणखी दणकट वर्गातल्या, गाडीवाल्याला पैसे देऊन तो परत आणवला.

दुकानात चिठ्ठी ठेवली तेव्हा मॅनेजरने आमच्या सहीचा एक कागद काढला. ‘ओढणारं वाहन योग्य आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी ग्राहकाची.’ कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यात, भराभर सह्या घेताना तो सरकवलेला होता. ट्रेलर परत घ्यायला नकार. तीन दिवसांत माल परत करायचा जो नियम लोक सांगतात, तो दुकानात जाऊन केलेल्या अशा खरेदीला लागू नाही. मग तोडगा म्हणून त्यांनी त्यांच्याच दुसऱ्या दुकानातली थ्री-क्वार्टर-टन (हाफ-टन आणि एक-टनच्या मधल्या वर्गातली) डिझेल पिकअप दाखवली, आमची गाडी कवडीमोल भावात घेऊन. “आता काही काळजीच नाही.”

या वेळी मी थेट दार उघडून स्टिकर वाचलं. १,९८० पौंड. डिझेल इंजिन स्वतःच जड असतं, आणि या वर्गातल्या अनेक गाड्यांची कमाल मर्यादा १०,००० पौंडांवर बांधलेली असते, म्हणून पाठीवरची शिल्लक वाटते त्यापेक्षा बरीच कमी निघते. आमची पिन १,८६०, माणसं, हिच आणि बाकीचं धरून २,६३०. म्हणजे पन्नास हजारांच्या वर मोजून पुन्हा मर्यादेच्या बाहेरच! तिथून उठलो.

ट्रेलर शेवटी एक-टन गाडी असलेल्या एका जोडप्याला विकला. साडेआठ हजार डॉलर बुडाले. टेक्ससच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे, ग्राहक तक्रार केली आहे. राज्याचा फसव्या व्यापाराविरुद्धचा कायदा आहे, डीटीपीए, त्याखाली दावा लावण्याआधी विक्रेत्याला ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, तीही दिली. त्यानंतर एअरबॅगचे ७०० परत आले. बाकीचं चालू आहे. वकिलांनी सगळ्यात आधी मागितला तो सेल्समनचा फोनवरचा मेसेज. म्हणून जे काही विचाराल ते लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

दुकानात जाण्याआधी आपल्या दारावरच्या स्टिकरचा फोटो काढा. घरची माणसं, हिच आणि हौद्यातलं सामान त्यातून वजा करा. मग ट्रेलरच्या रिकाम्या वजनाकडे न बघता त्याच्या कमाल वजनाचे वीस ते पंचवीस टक्के काढा, आणि ते उरलेल्या आकड्यात बसत असतील तरच आत पाऊल टाका. ट्रेलर आधीच घेतला असेल तर प्रवासाचं सामान आणि घरची माणसं भरून कॅट स्केलवर दोनदा वजन करा, एकदा ट्रेलर जोडून, एकदा सोडून. पिकअपच्या दोन्ही अ‍ॅक्सलची बेरीज दोन्ही चिठ्ठ्यांवर करून वजाबाकी केली की तुमच्या पिनचं खरं वजन मिळतं. कुणाला हिशोब जमत नसेल तर स्टिकरचा आणि ट्रेलरच्या पाटीचा फोटो मला पाठवा, मी बसून करून देईन.